बावीस अंगठे

समिती यायची म्हणून माळवस्तीवरच्या दूध डेअरीचा ओटा सकाळी सातलाच धुऊन झाला होता. आणि तो धुणाऱ्या बावीस बायकांनी त्याच समितीला धडधडीत खोटं सांगायचं, हे आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. दोन्ही कामांत कुशाबाई पुढे होत्या. खराटा मारताना त्यांच्या छातीत धडधडत होतं, पण ती धडधड भीतीची नव्हती. लहानपणी दुसऱ्याच्या झाडाच्या कैऱ्या पाडायला निघताना जी व्हायची ती होती.

खोटं तसं सोपंच होतं. "आमाला वाचाय येत न्हाय." बस, एवढंच म्हणायचं. दीड वर्षापूर्वी हे वाक्य सोळा आणे खरं होतं, त्यामुळे पाठ करायचीसुद्धा गरज नव्हती.

झालं होतं असं. लोणी भापकर गावापासून थोडी आत असलेल्या ह्या वस्तीवर बारामतीच्या एका कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची सात मुलं येऊ लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार वाजता, बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला. पहिले दोन आठवडे शाळेच्या खोलीत वर्ग भरला आणि एकही बाई तिकडे फिरकली नाही. हातातलं काम टाकून शाळेत बसायला निघालेली बाई घरच्यांना बघवत नाही, हे त्या पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांच्यातल्या साजियानं युक्ती काढली. डेअरी संध्याकाळी पाचला उघडते. बायका दुधाच्या किटल्या घेऊन तिथं येतातच. तर मग वर्ग डेअरीच्या ओट्यावरच का भरवू नये?

झालं. वस्तीवरच्या म्हशी तासभर आधी पिळल्या जाऊ लागल्या. बायका चारलाच किटल्या घेऊन घराबाहेर पडायच्या, कुणी विचारलं तर "नंबर लावाय चालले" म्हणायच्या. किटल्या रांगेत उभ्या राहायच्या आणि बायका ओट्यावर मांडी घालून बसायच्या. कुशाबाईंचे मालक जोतीराम मिशीत हसून म्हणायचे, "आपल्या दोन म्हशींच्या दुधाला येवढा काय नंबर लागतुय गं?" पण दुधाची किटली घेऊन निघालेल्या बाईला अडवायची छाती कुणाची होणार? दूध नासलं तर जबाबदारी अडवणाऱ्याची.

साजिया ही बारामतीच्या अमीरभाई तांबोळींची मुलगी. त्यांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. बी.कॉम.ला होती, बोलायला फटकळ, हसायला त्याहून मोकळी. सरकारी पुस्तक तिनं दुसऱ्याच दिवशी पिशवीत कोंबलं. अ अननसाचा शिकवायचा, तर अननस ह्या माळावर बघितलाय कुणी? तिनं दुधाची पावती पुढे ठेवली. लिटर, फॅट, दर. अक्षरं अशी भराभर बसली की बायकांनाच नवल वाटलं. मग गोळ्यांची पाकिटं, मग लग्नपत्रिका, मग एसटीच्या पाट्या. एसटीच्या पाट्यांवर तिचा विशेष जोर, कारण वर्गातल्या आक्काबाई एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून जेजुरीऐवजी नीरेला जाऊन आल्या होत्या. साजिया ठासून सांगायची, "तोंडी सांगणाऱ्यावर जाऊ नका मावशी. पाटी वाचा."

आणि खरं सांगायचं तर कुशाबाईंना अक्षरांपेक्षाही तो तास आवडायचा. पन्नाशी उलटलेल्या त्या बाईच्या आयुष्यात, हातात काहीही काम नसताना, आपल्या वयाच्या बायकांत मिसळून, पाय पसरून बसायचा तेवढाच एक तास होता. त्यात हसणं होतं, एकमेकींच्या चुकांची टिंगल होती, आणि शेवटी एक नवा शब्द घेऊन घरी जायचं होतं. मंगळवार उजाडला की त्यांना सकाळपासून चार वाजायची घाई व्हायची.

तर गेल्या शुक्रवारी साजिया नाचतच आली. विद्यापीठाची समिती येत्या मंगळवारी काम बघायला येणार. समितीनं बायकांना पास केलं, तर त्यांच्या कॉलेजला विद्यापीठाचा पुरस्कार मिळू शकतो. "आणि मावशी, मग ही वस्ती पूर्ण झाली असं समजतात. आम्ही पुढच्या वस्तीवर जायचं. इंदापूर तालुक्यात, सणसरजवळ. तिथं पस्तीस बायका आहेत." हे ती मोठ्या आनंदानं सांगत होती आणि समोर बावीस चेहरे एकदम उतरले होते. पोरगी इतकी खुशीत होती की तिला ते दिसलंच नाही.

सोमवारी पाणवठ्यावर आक्काबाईंनी तोड काढली. आक्काबाईंचा आवाज आणि डोकं, दोन्ही चालायला लागली की थांबत नसत. "पास झालो तर पोरं जाणार. मग नापास व्हायचं. त्यात काय आवघड हाय?"

"आन पोरांचं बक्षीस?" कुशाबाईंनी विचारलं.

"बक्षीस म्हंजी काय, कप देत्यात. औंदा न्हाय तर पुढल्या सालाला मिळंल. कप कुठं पळून चाललाय?"

कुशाबाईंना हे पटलं. पटवून घेतलं असं म्हणा हवं तर.

समिती दहाला पांढऱ्या गाडीतून आली. पुण्याच्या राजलक्ष्मी मॅडम आणि फायली सांभाळणारे दोन साहेब. कॉलेजचे दादासाहेब सर, ज्यांच्या हाताखाली ही सात मुलं काम करत, नवा शर्ट घालून आले होते आणि त्याची कॉलर त्यांना टोचत होती. साजिया फळ्याजवळ उभी होती, हातात खडू, चेहरा नुसता उजळलेला. तिच्या मागे त्या सात जणांतला सर्वांत उंच मुलगा यशराज, ज्याच्याकडे फळा टांगायचं काम कायमचं सोपवलेलं होतं.

मॅडम बाई चांगल्या होत्या. सतरंजीवर खाली बसल्या, चहाला नाही म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी एक मोठ्या अक्षरांचा तक्ता काढला आणि नेमका कुशाबाईंपुढे धरला. "हे काय लिहिलंय, सांगता का?"

आता इथं कुशाबाईंची खरी परीक्षा होती. न वाचणं इतकं अवघड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. डोळे त्यांचं ऐकेनात. तक्त्यावर 'पाणी जपून वापरा' होतं, ते नजर टाकल्याबरोबर वाचून झालं. नजर वर नेली तर मॅडमच्या पिशवीवर 'ज्ञानदीप वस्त्रालय'. खाली नेली तर बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत. जिकडे बघावं तिकडे अक्षरं. शेवटी त्यांनी सरळ आभाळाकडे बघितलं.

"काय कळत न्हाय बाई. माश्या बसल्यागत दिसतंय."

आक्काबाईंनी तर कहर केला. तक्ता उलटा धरून त्या दोन मिनिटं बघत बसल्या आणि "चित्र झ्याक हाय" म्हणाल्या. तिसरीनं मान हलवली, चौथीनं पदर तोंडाला लावला. बावीसच्या बावीस नापास. साजियाच्या हातातला खडू मोडला तो आवाज कुशाबाईंना स्पष्ट ऐकू आला.

"मावशी, परवा तर तुम्ही अख्खी लग्नपत्रिका..." ती म्हणू लागली, तर एका साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. मध्ये बोलायचं नाही असा नियम होता.

शेवटी हजेरीचा कागद निघाला. बावीस नावं छापलेली, समोर रिकामी चौकट. सही येत नसेल तर अंगठा. डेअरीतलं शाईचं पॅड आलं, आणि मॅडम सरांशी हळू आवाजात बोलत असताना कागद या हातातून त्या हातात फिरला. कुशाबाईंनी अंगठा दाबून उमटवला आणि कागद पुढे सरकवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा अंगठ्याला शाई लागली होती. पुसली तरी जाईना.

गाडी धुरळा उडवत गेली. सरांना आणि मुलांना लगेच कॉलेजात पोचायचं होतं, कारण समिती तिथं जेवून, कागदपत्रं बघून, तीन वाजता पुण्याला निघणार होती. कुशाबाईंना वाटलं होतं, साजिया आता चिडेल, दोन शब्द सुनावेल, आणि मग हसून टाकता येईल. ती चिडलीच नाही. तिनं खडूचे तुकडे वेचून डबीत घातले आणि म्हणाली, "असू द्या मावशी. तुमची चूक नाही. माझंच शिकवणं कमी पडलं." आणि गाडीला किक मारून गेली.

मागे यशराज फळा उतरवत राहिला होता. त्यानं तोंड उघडलं आणि मग त्याला थांबवणं अवघड झालं. "तिचं नाव विद्यापीठाच्या उत्कृष्ट स्वयंसेवकासाठी गेलं होतं. आमच्या कॉलेजातून आजवर कुणालाच मिळालेलं नाही. ह्या वस्तीच्या कामावर सगळं अवलंबून होतं. सर म्हणाले, आता विसरा."

"पुढल्या सालाला देतील की," आक्काबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"पुढच्या साली ती कुठंय आजी? तिचं शेवटचं वर्ष आहे. मे महिन्यात परीक्षा दिली की कॉलेज संपलं."

म्हणजे पोरगी तशीही जाणारच होती. एक तास राखायच्या नादात त्यांनी जिच्यामुळे तो तास होता तिलाच बुडवलं होतं. आणि वर ती म्हणून गेली की माझंच शिकवणं कमी पडलं. कुशाबाईंना स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटल्याचं आठवेना. त्या उठल्या, साडी झटकली.

"तीन वाजायला किती येळ हाय रं?"

"साडेबारा झालेत."

"चला गं. बारामतीला जायाचं."

कुणाच्या भाकरी थापायच्या राहिल्या होत्या, कुणाची म्हैस व्यायला झाली होती, तरी अकरा जणी तयार झाल्या. जोतीराम गोठ्याच्या दारात उभे होते. "आता दुपारच्याला कसला नंबर?" त्यांनी विचारलं. कुशाबाई म्हणाल्या, "आल्यावर सांगते. शेळ्यांना पाणी दावा." आणि अकरा जणी उन्हातान्हातून रस्त्याच्या फाट्याकडे अशा निघाल्या की कुत्रीसुद्धा बाजूला झाली. यशराज पुढे मोटारसायकलवर गेला, साहेबांना थांबवून धरायला.

फाट्यावर पोचतात न पोचतात तोच मोरगावच्या बाजूनं एसटी येताना दिसली. सगळ्या जणी हरखल्या. आता पूर्वीसारखं कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. अकरा माना वर झाल्या आणि अकरा तोंडांतून एकदम अक्षरं फुटली. "मो... र... गा... व."

"मोरगाव," कुशाबाईंनी निकाल दिला. "आपली न्हवं."

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "चला मावशी, बारामती, बारामती."

"आरं पाटीवर मोरगाव लिवलंय की."

"ती पाटी ड्रायव्हरनं फिरवायची राहिली. गाडी मोरगावहूनच आलीय. बारामतीलाच चाललीय, बसा."

आक्काबाई कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. जेजुरीच्या जागी नीरा बघितलेली बाई ती. "म्हंजी लिवल्यालं खोटं आन तू खरा व्हय? आडाणी समजलास काय आमाला? आमी पाटी वाचतो, पाटी."

कंडक्टरनं गाडीचं तोंड कुठं आहे ते दाखवलं. बारामती कुठल्या दिशेला आहे ते दाखवलं. आतल्या उतारूंनीही सांगून बघितलं. पण ज्या अक्षरांवर दीड वर्ष घालवलं ती सोडून ह्या उपऱ्या माणसांचं ऐकायचं, हे त्यांना कसं पटणार? शेवटी कंडक्टरनं कपाळावर हात मारला, घंटी वाजवली आणि गाडी गेली. बारामतीच्या दिशेनं, सरळ, डोळ्यांदेखत. ती पार वळणाआड गेली तेव्हा कुशाबाई हळूच म्हणाल्या, "आक्के, ती बारामतीलाच गेली गं."

पुढची एसटी दीड तासानं होती. अकरा जणी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि आधी एकीला, मग दुसरीला हसू फुटलं. हसता हसता कुशाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

डेअरीची पिकअप गाडी चालवणारा अजित पेंडीची पोती आणायला बारामतीला निघाला होता, तो दोन वाजून गेल्यावर फाट्यावर आला तेव्हा रस्त्याच्या मधोमध आक्काबाई उभ्या होत्या. त्याला थांबावंच लागलं. मागच्या हौद्यात रिकामे कॅन होते. त्यांच्यामधल्या जागेत अकरा बायका बसल्या, कॅनच्या कड्या धरून. अजितला परिस्थिती समजावून सांगायला दोन किलोमीटर लागले, आणि ती समजल्यावर त्यानं जो वेग घेतला तो त्याच्या मालकानं बघितला असता तर नोकरी गेली असती. कॅन खणखणत होते, पदर उडत होते, आणि कुशाबाई मात्र रस्त्याकडेच्या प्रत्येक पाटीवरचं अक्षर मोठ्यानं वाचत होत्या. सकाळी आवरून धरलेलं सगळं आता बाहेर पडत होतं. खतांचं दुकान, लग्नाचं कार्यालय, उसाच्या रोपांची नर्सरी, 'वेग आवरा'. "ते अजितला वाच म्हणावं," एक जण ओरडली आणि पुन्हा हशा पिकला.

एमआयडीसीपाशी मालट्रकांची रांग लागली होती. तिथं दहा मिनिटं गेली, आणि ती दहा मिनिटं कुणीच काही वाचलं नाही.

कॉलेजच्या फाटकात पिकअप शिरली तेव्हा पांढरी गाडी चालू झालेली होती. तिच्या पुढे यशराज उभा होता. टायरमधली हवा कमी वाटतेय, असं तो ड्रायव्हरला तिसऱ्यांदा पटवत होता. मॅडमनी काच खाली केली आणि पिकअपमधून एकमेकींचा हात धरून उतरणाऱ्या अकरा बायका बघून त्या गाडीतून खाली आल्या. दादासाहेब सर धावत आले. त्यांच्या मागे साजिया. तिचे डोळे लाल होते, आणि ते बघून कुशाबाईंना पुढचं सगळं बोलायचं बळ आलं.

"बाई, आमी सकाळच्याला खोटं बोललो. आमाला वाचाय येतंय."

मॅडमनी सरांकडे बघितलं. त्या नजरेत संशय होता, आणि का नसावा? सकाळी नापास झालेल्या बायका दुपारी पास व्हायला दारात येतात, तेव्हा कुणीतरी पाठवलं असणार असंच वाटणार. "तुम्हाला कुणी सांगितलं असं म्हणायला?" त्यांनी विचारलं. आवाज कडक नव्हता, पण मऊही नव्हता.

"कुनी न्हाय. येष्टीबी आमी वाचूनच चुकवली," आक्काबाई म्हणाल्या आणि त्यांनी कंडक्टरची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, कपाळावर मारलेल्या हातासकट. फायलीवाले साहेब तोंड फिरवून हसू लागले. मॅडम हसल्या नाहीत. त्या काहीतरी विचार करत होत्या. मग त्यांनी गाडीतली फाईल मागवली आणि सकाळचा हजेरीचा कागद काढला.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. "कुशाबाई कोण?"

"मी."

"तुमचं नाव यादीत चौदावं आहे. सकाळी तर तुम्ही अगदी पुढे बसला होतात. कागद पहिल्यांदा तुमच्याच हातात दिला मी." त्या कागदावर बोट ठेवून खाली खाली जात होत्या. "तरी पहिला अंगठा उमटला तो बरोबर चौदाव्या नावासमोर, हे मी बोलता बोलता बघितलं होतं. त्यानंतरचा दुसऱ्या, आक्काबाईंच्या. बावीस अंगठे, क्रम सोडून उमटत गेले, आणि एकाही चौकटीत दोन नाहीत. कुणीच कुणाला विचारलं नाही. मी तिथंच होते आणि माझ्या लक्षात आलं नाही."

कुशाबाईंनी जीभ चावली. आपण किती हुशारीनं अडाणी झालो होतो, ह्या आनंदात त्यांनी आपलं नाव आधी वाचलं होतं आणि मग त्याच्यापुढे अंगठा दाबला होता. दुसऱ्याच्या नावापुढे आपला अंगठा कसा लावायचा, असं प्रत्येकीच्या मनात आलं असणार.

आता मॅडम हसल्या. तरीही त्यांनी फाटकाजवळच्या सूचना फलकावरचा एक कागद दाखवला, तो कुशाबाईंनी वाचला. ग्रंथालय, थकबाकी, परीक्षा अर्ज, सगळं, अडखळत पण शेवटपर्यंत. आक्काबाईंनी त्याच्या खालचा वाचला. मग मॅडमनी विचारलं, "मग सकाळी असं का केलंत?"

कुशाबाईंनी साजियाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. "येतंय म्हणलं आस्तं तर पोरं गेली आस्ती सणसरला. आमचा तास गेला आस्ता. घरात समदे हायत बाई, भांडान न्हाय कुनाशी. पर बसा म्हणनारं कुनी न्हाय. ही पोरगी म्हणती, मावशी बसा."

दादासाहेब सरांनी कॉलर सैल केली.

"नियम तसाच आहे," मॅडम सावकाश म्हणाल्या. "मी आज तुम्हाला पास लिहिलं की माळवस्तीचं काम संपलं. ही मुलं दुसरीकडे जातील. हे माहीत असून लिहू?"

कुशाबाईंनी मागे वळून दहा जणींकडे बघितलं. एकीनंही मान खाली घातली नाही. "लिवा," त्या म्हणाल्या. "पर एक सांगा. सणसरला पस्तीस बाया हायत म्हणत्यात. ही सात पोरं. पस्तीस बायांना सात पोरं कशी पुरतील? आन त्या बायाबी पैल्यांदा यायच्या न्हायत. त्यांच्या घरची मान्सं कशी गप करायची ते ह्या पोरांना काय ठावं? तितं आमी आलो तर चालंल का?"

साजिया तोपर्यंत सरांच्या मागे उभी होती. ती पुढे आली, कुशाबाईंच्या गळ्यात पडली आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडली. कुशाबाई तिच्या पाठीवर शाईचा अंगठा लागू नये म्हणून हात लांब धरून उभ्या राहिल्या, मग त्यांनी तोही विचार सोडला.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सणसरजवळच्या त्या वस्तीवर, पिठाच्या गिरणीच्या ओसरीत, वर्ग भरला. गिरणीची जागा कुशाबाईंनीच हेरली होती. डबा दळणाला ठेवला की बाईला बसून राहायला आयतंच कारण. पस्तीसपैकी नऊ जणी आल्या होत्या आणि त्याही ओसरीच्या कडेला, कधीही उठून जाता येईल अशा बेतानं बसल्या होत्या. "आता ह्या वयात काय शिकायचं," असं त्यातली एक रुंद कपाळाची बाई दर पाच मिनिटांनी म्हणत होती. साजिया फळ्यावर लिहीत होती, आक्काबाई हजेरी मांडत होत्या, आणि तेवढ्यात यशराज मोटारसायकल उभी न करता, जवळजवळ आडवी टाकून, धावत आला.

"विद्यापीठाचं पत्र. सरांनी वाचलंय, पण सांगत नाहीत. म्हणाले, साजियाच्या हातात दे."

साजियानं पाकीट घेतलं. तिनं ते उघडलं, कागद अर्धा बाहेर काढला आणि पुन्हा आत सारला. मग ती कुशाबाईंपुढे येऊन उभी राहिली. "मावशी, तुम्ही वाचा. माझ्यानं होणार नाही."

कुशाबाईंनी हात पदराला पुसले. कागदावर बारीक अक्षरं होती, जोडाक्षरांची नुसती गर्दी. त्यांनी बोट ठेवलं आणि सुरुवात केली. "वि... द्या... पी... ठ. विद्यापीठ." यशराज जागच्या जागी पाय आपटू लागला. "स्त... री... य." साजियानं पाठ फिरवली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि बोटांच्या फटीतून ऐकू लागली. तिनं मान वळवली असती तर अख्खं पत्र एका नजरेत वाचून झालं असतं. तिनं वळवली नाही. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली.

"उ... त्... कृ..." इथं कुशाबाई अडकल्या. मागे गेल्या, पुन्हा आल्या. त्यांच्या कपाळावर घाम जमला. कडेच्या नऊ बायका कधी गुडघ्यांवर आल्या ते त्यांच्याच लक्षात आलं नाही. "उत्कृष्ट," कुशाबाईंनी एकदाचं म्हटलं आणि आक्काबाईंनी धरून ठेवलेला श्वास सोडला. "उत्कृष्ट स्व... यं... से... व... क. कु... मा... री..."

कुशाबाई थांबल्या. पुढचं नाव त्यांना वाचावं लागलं नाही, पण त्यांनी ते वाचलं, एकेक अक्षरावर बोट ठेवून, जसं तिनंच शिकवलं होतं तसं. "सा... जि... या. साजिया अमीर तांबोळी."

पुढं गलका झाला. यशराजनं उडी मारली ती ओसरीच्या पत्र्याला डोकं लागेपर्यंत. साजिया खाली बसली, हसत होती आणि रडत होती आणि "पुन्हा वाचा, मावशी, पुन्हा वाचा" म्हणत होती. कुशाबाईंनी पुन्हा वाचलं, ह्या वेळी थोडं भरभर. खाली कॉलेजचंही नाव होतं, तेही वाचलं. अक्षर एकही चुकलं नाही.

गलका ओसरला तेव्हा रुंद कपाळाची ती बाई सरकत सरकत पार पुढे आलेली होती. तिनं साजियाकडे बघितलं नाही, फळ्याकडेही नाही. ती कुशाबाईंच्या बोटाकडे बघत होती.

"तुमी कितवी शिकलाय?" तिनं विचारलं.

"शाळंत गेलीच न्हाय. डेअरीत शिकली. दीड वरीस झालं."

बाईनं इकडे तिकडे बघितलं, पदर सावरला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माजं नाव कसं आसतंय, लिवून दावता का?"

कुशाबाईंनी तिला शेजारी जागा करून दिली. "बसा," त्या म्हणाल्या, आणि खडू हातात घेतला.